वावेलचं तळघर: राजे, कवी आणि सेनापती एकाच छताखाली (क्राकूव, पोलंड)

सांजवारा

नमस्कार मंडळी. कामानिमित्त क्राकूवला राहतो, त्यामुळे घरी कुणी पाहुणे आले की वावेलच्या टेकडीवर फेरी ठरलेलीच असते. बहुतेक जण ड्रॅगनची गुहा बघतात, राजवाड्याच्या अंगणात फोटो काढतात आणि कॅथेड्रलमध्ये पाच मिनिटं डोकावून लगेच बाहेर, की चला आता जेवायला. मला हे फार खटकतं. पोलंड हा देश काय चीज आहे हे ज्याला समजून घ्यायचंय त्यानं त्या कॅथेड्रलच्या तळघरात तासभर तरी काढला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आत्ताचं कॅथेड्रल हे त्या जागेवरचं तिसरं. १३२० मध्ये व्लादिस्लाव लोकिएतेक याचा राज्याभिषेक इथे झाला, १३३३ मध्ये तो गेला तेव्हा इथेच पुरला आणि तिथून पुढे पोलंडच्या जवळपास सगळ्या राजांचा अभिषेकही इथे आणि दफनही इथेच. त्याचा मुलगा काझिमिएझ, ज्याला हे लोक 'थोर' म्हणतात, याडविगा राणी, तिचा नवरा यागिएलो, मग त्या घराण्याचे पुढचे राजे, मग वासा घराणं, व्हिएन्नाचा वेढा उठवणारा सोबिएस्की... राजधानी सतराव्या शतकाच्या तोंडावर वॉर्सोला गेली, दरबार गेला, पण अभिषेक आणि अंत्यसंस्कार यासाठी क्राकूवलाच यायचं ही रीत पुढेही बराच काळ टिकली.

वर कॅथेड्रलमध्ये जी थडगी दिसतात ती बघण्यासारखी आहेतच. यागिएलोचं थडगं लाल संगमरवराचं, वर राजा आडवा पहुडलेला आणि पायथ्याशी शिकारी कुत्रे आणि ससाणे कोरलेत, कारण त्याला शिकारीचा भारी नाद. त्याच्या मुलाचं, म्हणजे चौथ्या काझिमिएझचं थडगं वाइट श्टॉस या शिल्पकारानं १४९२ मध्ये केलं, त्या दगडातल्या चेहऱ्यावर सुरकुत्या अशा कोरल्यात की म्हातारपण म्हणजे काय ते बघावं. झिगमुंट चॅपेल तर वेगळंच प्रकरण आहे, इटलीहून आलेल्या बेरेच्चीनं १५१९ ते १५३३ मध्ये बांधलं, वरचा घुमट बाहेरून सोन्याच्या खवल्यांचा, माशाच्या अंगासारखा दिसतो, लांबून सुद्धा ओळखू येतो.

पण मला ज्यासाठी लिहायचं होतं ते खाली आहे. अरुंद जिना उतरून गेलं की तळघरांची रांगच लागते. राजे कथलाच्या पेट्यांमध्ये. झिगमुंट ऑगस्टची पेटी ग्दान्स्कच्या कारागिरांनी केलेली, तिच्यावरचं नक्षीकाम इतकं बारीक आहे की पहारेकरी पुढे सरका म्हणेपर्यंत माणूस तिथेच उभा राहतो. आणि मग चालता चालता अचानक लक्षात येतं की आता आजूबाजूला जे आहेत ते राजे नाहीतच. कोश्चुश्को, रशियाविरुद्ध उठाव करणारा सेनापती. पोनियातोव्स्की. दोन कवी. पिल्सुडस्की, १९१८ मध्ये देश परत उभा करणारा नेता.

हे कसं झालं? १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं सगळा देश गिळला. नकाशावर पोलंड नाही, राजा नाही, सैन्य नाही. आणि नेमकं तेव्हा या लोकांनी आपली माणसं वावेलला आणायला सुरुवात केली. युझेफ पोनियातोव्स्की नेपोलियनच्या बाजूनं लढताना १८१३ मध्ये लाइपझिगला नदीत बुडाला, त्याला १८१७ मध्ये इथे आणलं. कोश्चुश्को त्याच १८१७ साली स्वित्झर्लंडमध्ये परक्या गावात वारला, १८१८ मध्ये तो आला. दोघंही राजे नव्हते. पण राजाच उरला नाही तर राजाच्या जागी कोण, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं दिलं. १२३ वर्षं देश नव्हता पण हे तळघर होतं, आणि माझ्या मते त्या काळात पोलंडचं खरं सरकार म्हणायचं तर तेच.

लिहिण्यासारखं बरंच आहे, प्रतिसादात भर घालत जाईन. तुम्हीही घाला.

---

मृण्मयी_९

मस्त धागा, वाचतेय. याडविगाबद्दल थोडं लिहू का? मला ती फार आवडते. वयाच्या दहा-अकराव्या वर्षी, १३८४ मध्ये तिचा राज्याभिषेक झाला आणि तोही राणी म्हणून नाही, 'राजा' म्हणून, कारण ती कुणाची बायको म्हणून गादीवर बसत नव्हती, स्वतःच्या हक्कानं बसत होती. १३९९ मध्ये मुलगी झाली, ते बाळ काही आठवड्यांतच गेलं आणि पाठोपाठ जुलैमध्ये याडविगाही गेली. दोघींना एकत्रच पुरलं.

तिनं आपले दागिने क्राकूवचं विद्यापीठ पुन्हा उभं करायला देऊन टाकले होते. १४०० मध्ये विद्यापीठ परत सुरू झालं, ते बघायला ती नव्हती. पुढे कित्येक शतकांनी तिची कबर उघडली तेव्हा आत राजदंड आणि गोल (राजे हातात धरतात तो) मिळाले ते लाकडाचे! सोन्याचे नाहीत. राज्य करणारी बाई, आणि बरोबर न्यायला लाकडाचा राजदंड. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्राकूवच्याच मैदानावर तिला संतपद दिलं. तिचं पांढऱ्या संगमरवराचं सुंदर थडगं १९०२ चं आहे पण अस्थी आता तिथे नाहीत ना?

---

सांजवारा

बरोबर ताई, अस्थी १९८७ पासून काळ्या क्रूसाच्या वेदीत आहेत. त्या क्रूसासमोर ती प्रार्थनेला बसायची असं सांगतात. तिथे कधीही जा, कुणी ना कुणी बाई गुडघे टेकून बसलेली असतेच. पांढरं थडगं मादेइस्की नावाच्या शिल्पकाराचं, पायाशी कुत्रा आहे. त्याच मादेइस्कीनं वार्नाच्या लढाईत पडलेल्या तरुण राजाचं स्मारकही केलंय. १४४४ ची लढाई, राजा वीस वर्षांचा, देह कधीच सापडला नाही. म्हणजे ती कबर रिकामी आहे.

---

बखरवाचक

सुंदर विषय. मला यातली एक गोष्ट फार वर्षांपासून माहीत आहे ती इथे टाकतो, १८६९ ची.

'थोर' काझिमिएझचं थडगं डागडुजीला काढलं होतं. काम करताना एक दगड निघाला आणि आतल्या पोकळीत राजा दिसला, हाडं, डोक्यावर मुकुट, राजदंड, गोल. जून महिना. क्राकूव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. यान मातेइको म्हणून मोठा चित्रकार, त्याला बोलावून सगळ्याची चित्रं काढून घेतली. आणि मग ठरलं काय तर राजाला तसंच गुपचूप बंद करायचं नाही, पुन्हा अंत्यसंस्कार करायचे! ८ जुलै १८६९ ला सगळं शहर रस्त्यावर, घंटा वाजतेय, आणि जाऊन पाचशे वर्षं झालेल्या राजाची अंत्ययात्रा.

आता बघा यात गंमत काय आहे ती. परकीय सरकार राजकीय मोर्चा काढू देणार नाही. पण मेलेल्या राजाला परत माती द्यायला नाही कसं म्हणणार? आपल्याकडे टिळकांनी शिवजयंती आणि रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभी केली ती याच्या पंचवीसेक वर्षांनंतर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गुलामीतल्या माणसाला कुठून बळ मिळतं हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

सांजवारा, एक शंका. सोबिएस्की १६९६ ला गेला आणि दफन मात्र १७३४ ला असं कुठेतरी वाचल्याचं आठवतंय, ते कसं काय? एवढी वर्षं देह कुठे होता?

---

सांजवारा

वाचलंत ते बरोबर आहे. देह वॉर्सोला होता. नवीन राजाच्या अभिषेकाआधी आधीच्या राजाचं दफन व्हायचं अशी पद्धत, पण सोबिएस्कीनंतर सत्तेवरून एवढा गोंधळ माजला की ते मागेच पडत गेलं. शेवटी १७३४ मध्ये नवीन राजाच्या अभिषेकाच्या आधी सोबिएस्की, त्याची बायको मारिशिएन्का आणि त्यानंतरचा दुसरा ऑगस्ट अशी तिघांची दफनं एकदमच उरकली. त्या ऑगस्टचं काळीज मात्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, कारण तो मूळचा सॅक्सनीचा. त्याच्यानंतर वावेलला राजाचं असं शाही दफन झालं नाही. आणि १७३४ चा अभिषेक हाही इथला शेवटचाच.

१८६९ ची गोष्ट टाकलीत ते फार बरं झालं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे.

---

तात्या_पंढरीचे

चौथ्या काझिमिएझच्या थडग्याचा शाप म्हणून काहीतरी प्रकार आहे ना? यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला होता, कबर उघडणारे सगळे पटापट मेले म्हणे. कुणाला माहीत आहे का खरं काय ते

---

गार्गी_

तात्या, मी मायक्रोबायोलॉजीवाली आहे म्हणून सांगते. १९७३ च्या एप्रिलमध्ये चौथ्या काझिमिएझची कबर संशोधनासाठी उघडली, परवानगी दिली होती तेव्हाचे क्राकूवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांनी, म्हणजे पुढे पोप झाले तेच. नंतरच्या काळात त्या कामातले काही जण वारले आणि पेपरवाल्यांनी लगेच तुतनखामेनचा शाप तो पोलंडचा शाप असं सुरू केलं. स्मिक नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं आतले नमुने तपासले, त्यात बुरशी सापडली, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस धरून. ही बुरशी आपल्याकडे ओलसर शेंगदाण्यावर आणि मक्यावर येते तीच, अफ्लाटॉक्सिनवाली. आधीच फुफ्फुसं किंवा प्रतिकारशक्ती कमजोर असेल तर अशा बंद जागेतले बीजाणू श्वासातून जाणं धोक्याचं आहेच. पण प्रत्येक मृत्यू त्याच्यामुळेच झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मध्यमवयीन माणसांचा मोठा गट घेतला तर काही वर्षांत त्यातले काही जण जाणारच. शाप वगैरे काही नाही, आणि ज्यांनी ते काम मन लावून केलं त्यांच्या मरणाची अशी सनसनाटी करणं मला पटत नाही. आता जुन्या कबरी उघडताना मास्क आणि हवेची तपासणी करतात त्यामागे असे अनुभव आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

---

तात्या_पंढरीचे

धन्यवाद गार्गीताई, हे कुणीच नीट सांगत नाही.

---

निशिगंध

दोन कवींबद्दल लिहा की कुणीतरी! राजांच्या तळघरात कवी, हे जगात अजून कुठे आहे?

---

सांजवारा

निशिगंध, मी त्याचीच वाट बघत होतो.

लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये कवींचा कोपरा आहे, पण इथला मामला वेगळा आहे. मित्सकिएविच १८५५ मध्ये इस्तंबूलला वारला, तिथून त्याला पॅरिसजवळ माँमोरँसीच्या दफनभूमीत नेलं, कारण निम्मे पोलिश निर्वासित तेव्हा फ्रान्समध्येच. १८९० मध्ये त्याला वावेलला आणलं. जन्म आजच्या बेलारूसमधला, आयुष्य रशिया, इटली, फ्रान्सला गेलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे या माणसानं क्राकूवमध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पण राजांच्या शेजारी त्याला ठेवताना कुणाला ते आड आलं नाही, कारण ज्या पिढ्यांनी स्वतंत्र देश बघितलाच नाही त्यांना देश म्हणजे काय हे त्याच्या कवितेतून कळलं.

दुसरा स्लोवात्स्की. तो १८४९ ला पॅरिसमध्ये क्षयानं गेला, चाळिशीही गाठली नाही. १९०९ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला त्याला वावेलला आणावं अशी मागणी झाली तेव्हा क्राकूवचे बिशप पुझिना यांनी चक्क नाही म्हटलं. कॅथेड्रलचा मालक चर्चच, त्यामुळे विषय संपला. मग १९१८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९२७ मध्ये पिल्सुडस्कीनं तो घाट घातला. पेटी जहाजानं बाल्टिकमार्गे आली, वॉर्सोहून क्राकूवला आली, आणि वावेलच्या अंगणात पिल्सुडस्कीनं सैन्याला हुकूम दिला की यांना राजांच्या तळघरात घेऊन जा, म्हणजे ते राजांच्या बरोबरीचे होतील. पोलंडमधलं पोर न् पोर हे वाक्य ओळखतं.

आता दोघं शेजारी शेजारी आहेत. जिवंतपणी दोघांचं काही फारसं पटत नव्हतं, स्लोवात्स्कीला आयुष्यभर मित्सकिएविचच्या सावलीत राहावं लागलं ते त्याला सलत होतं. त्याच तळघरात तिसरा एक कवी आहे, नोर्विद. तो पॅरिसमध्ये गरिबांसाठीच्या आश्रमात १८८३ ला वारला आणि पुढे सामाईक खड्ड्यात गेला, त्यामुळे आणायला वेगळा देहच नव्हता. २००१ मध्ये त्या खड्ड्यातली माती कलशात भरून आणली. त्या कलशापाशी मला दर वेळी गलबलून येतं. हयातीत ज्याला कुणी विचारलं नाही त्याच्यासाठी एकशे अठरा वर्षांनी मूठभर माती घेऊन आले.

---

निशिगंध

वा! नोर्विदचं माहीत नव्हतं. आणि शोपँ? तो इथे नाही ना?

---

बखरवाचक

शोपँ पॅरिसला पेर लाशेज दफनभूमीत. काळीज मात्र त्याच्या बहिणीनं वॉर्सोला आणलं, ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. वावेलच्या कवींच्या तळघरात त्याच्या नावाची फक्त पाटी आहे. कोपर्निकसही इथे नाही. तो उत्तरेला फ्रोम्बोर्कच्या कॅथेड्रलमध्ये, आणि त्याची कबर नेमकी कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं. २००५ मध्ये फरशीखाली एक कवटी सापडली, ती त्याचीच हे ठरवायला त्याच्या पुस्तकात अडकलेल्या केसांचा डीएनए वापरला, ते पुस्तक स्वीडनमध्ये उप्सालाला होतं. २०१० मध्ये त्याचं परत दफन केलं.

---

कोल्हापूरकर_मी

मंडळी, हा धागा वाचून राहवलं नाही, एरवी मी फक्त वाचत असतो. वावेलला जनरल सिकोर्स्की आहे ना? त्याचा आणि आमच्या कोल्हापूरचा संबंध आहे.

सिकोर्स्की दुसऱ्या महायुद्धात लंडनहून चालणाऱ्या पोलिश सरकारचा पंतप्रधान. १९४० आणि ४१ मध्ये स्टालिननं लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. जुलै १९४१ मध्ये सिकोर्स्कीनं सोव्हिएत राजदूत मायस्की बरोबर करार केला, त्याच्यामुळे त्या लोकांची सुटका झाली. मग ती माणसं आधी इराणला आणि तिथून काही भारतात. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याहून मोठी छावणी आमच्याकडं वळिवड्याला होती, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि पोरं. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. पुढं तीच जागा फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना मिळाली, आजचं गांधीनगर.

आमची आज्जी सांगायची की ती लहान असताना तिचे वडील त्या छावणीत भाजी घालायचे, आणि त्या गोऱ्या बायका मोडकंतोडकं मराठी बोलून घासाघीस करायच्या. त्यातल्या ज्यांचा शेवट इथंच झाला त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत, मधे पोलंडच्या वकिलातीनं त्यांची नीट दुरुस्ती करून घेतली. महावीर गार्डनमध्ये स्तंभ आहे, १९९८ चा. वॉर्सोतही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे.

ज्या करारामुळं ती माणसं जिवंत आमच्या गावापर्यंत पोचली तो करार करणारा माणूस वावेलला आहे म्हटल्यावर, तिकडं कुणी जाणार असेल तर कोल्हापूरच्या वतीनं त्याच्यासमोर जरा थांबा.

---

मृण्मयी_९

काय सुंदर लिहिलंत दादा. मी पुण्याची असून मला गांधीनगर माहीत होतं फक्त कपड्याच्या होलसेल मार्केटसाठी.

---

सांजवारा

कोल्हापूरकर, हात जोडून आभार. सिकोर्स्कीची पेटी संत लिओनार्डच्या तळघरात आहे, सोबिएस्की, कोश्चुश्को आणि पोनियातोव्स्की त्याच खोलीत. ही खोली आत्ताच्या कॅथेड्रलपेक्षाही जुनी, आधीच्या कॅथेड्रलचा उरलेला भाग, जाड बुटके खांब आणि कमानी. पोप जॉन पॉल यांनी पुजारी झाल्यावर पहिली प्रार्थना २ नोव्हेंबर १९४६ ला इथेच म्हटली.

सिकोर्स्की जुलै १९४३ मध्ये जिब्राल्टरला विमान कोसळून गेला. म्हणजे तुमच्या वळिवड्याची छावणी सुरू झाली त्याच वर्षी, त्यामुळे तिथे ही बातमी पोचली असेल तेव्हा काय अवस्था झाली असेल त्या बायकांची. त्याला इंग्लंडमध्ये न्यूअर्कला पुरलं, आणि कम्युनिस्ट राजवट संपल्यावर १९९३ मध्ये वावेलला आणलं. घातपाताचा संशय इतका होता की २००८ मध्ये कबर परत उघडून तपासणी केली. जखमा विमान अपघातातल्याच निघाल्या.

---

ओंकार_टी

उत्तम चर्चा. पण मला एक विचारायचंय आणि ते जरा वादाचं आहे. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की आणि त्यांच्या पत्नीला तिथे पुरलं त्यावरून क्राकूवमध्येच निदर्शनं झाली होती. म्हणजे वावेल म्हणजे आता ज्याची सत्ता त्याची जागा असं झालं नाही का?

---

सांजवारा

ओंकार, प्रश्न रास्त आहे आणि मी टाळणार नाही.

आधी मागचं बघू. पिल्सुडस्की १९३५ च्या मे महिन्यात गेला, ज्यानं देश परत उभा केला तो माणूस, त्यामुळे त्याला वावेल मिळणार यात प्रश्नच नव्हता. काळीज विल्नियसला आईच्या कबरीत आणि देह इथे. पण दोनच वर्षांनी, १९३७ च्या जूनमध्ये आर्चबिशप सापियेहा यांनी ती पेटी संत लिओनार्डच्या तळघरातून काढून चांदीच्या घंटांच्या मनोऱ्याखाली हलवली, सरकारचा विरोध असताना. केवढा गदारोळ झाला! पंतप्रधानानं राजीनामा देऊ केला. म्हणजे वावेलमध्ये कोण कुठे झोपणार यावरून भांडण ही काही आजची गोष्ट नाही.

त्या नव्या तळघराच्या दारावरची छत्री नक्की बघा, बहुतेक लोक तिच्याखालून मोबाइल बघत निघून जातात. खांब वॉर्सोतल्या पाडलेल्या रशियन कॅथेड्रलचे, खालचा दगड पोझ्नानमधल्या बिस्मार्कच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचा आणि ब्राँझ ऑस्ट्रियन तोफांचं. ज्या तिघांनी देश वाटून खाल्ला त्या तिघांचंही सामान आणून त्यांनी आपल्या माणसाच्या दारावर लावलंय.

आता काचिन्स्की. १० एप्रिल २०१० ला कातिनच्या हत्याकांडाच्या (१९४० मध्ये सोव्हिएतांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना मारलं ते) सत्तराव्या स्मरणदिनाला जाताना स्मोलेन्स्कला विमान पडलं, ९६ माणसं गेली. क्राकूवचे कार्डिनल जीविश यांनी वावेलचा निर्णय जाहीर केला आणि १८ एप्रिलला दफन झालं. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद होती म्हणून परदेशातले कितीतरी नेते येऊ शकले नाहीत. लोक रस्त्यावर उतरले हे खरं, आणि त्यांचं म्हणणं होतं की राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्याबद्दल देशात एकमत कधीच नव्हतं.

माझं मत विचाराल तर घाई झाली. स्लोवात्स्कीला ७८ वर्षं थांबावं लागलं, सिकोर्स्कीला ५०, आणि इथे आठ दिवसांत सगळं झालं. दुःखाच्या भरात अख्खा देश असताना घेतलेला निर्णय होता, कुणाचाही अपमान न करता थोडं थांबता आलं असतं. पण माणूस अपात्र होता असं मी म्हणणार नाही. तो कातिनला निघाला होता. सिकोर्स्कीनं १९४३ मध्ये कातिनची चौकशी रेडक्रॉसकडून व्हावी म्हणून आग्रह धरला म्हणून स्टालिननं त्याच्याशी संबंध तोडले होते. त्याच कातिनसाठी निघालेला राष्ट्राध्यक्ष सिकोर्स्कीपासून काही पावलांवर आहे. हे मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

---

गार्गी_

मी असहमत. अशी जागा राजकारणापासून लांब ठेवायची असेल तर नियम हवेत, अमुक वर्षं गेल्याशिवाय नाही, अमुक संस्थेच्या संमतीशिवाय नाही. एका कार्डिनलच्या शब्दावर नको. १९०९ मध्ये एका बिशपनं एका कवीला नाकारलं ते चूक वाटत असेल तर २०१० मध्ये एका कार्डिनलनं एकाला होकार दिला तेही त्याच कारणानं चूक आहे. अधिकार तोच ना.

---

सांजवारा

हा मुद्दा एकदम पटला गार्गी. नियम असता तर २०१० मध्ये निदान कुटुंबाला तरी निदर्शनं बघावी लागली नसती.

---

बखरवाचक

यात अजून एक नाव घ्यायला पाहिजे, जो नाही आला त्याचं. शेवटचा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट. त्याच्याच कारकिर्दीत देश गेला. १७९८ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला वारला, तिथेच पुरला. १९३८ मध्ये सोव्हिएत सरकारनं पेटी परत पाठवली तेव्हा पोलंडनं त्याला वावेलला नेलं नाही, गाजावाजा न करता त्याच्या जन्मगावी, वोल्चिनच्या चर्चमध्ये ठेवलं. युद्धात ते गाव सोव्हिएत हद्दीत गेलं आणि कबरीची पार दुर्दशा झाली. जे काही उरलं होतं ते शेवटी वॉर्सोला आणून १९९५ मध्ये तिथल्या संत यान कॅथेड्रलमध्ये पुरलं. म्हणजे राजा असून वावेल नाही, आणि त्याचा पुतण्या युझेफ पोनियातोव्स्की, जो राजा नव्हता, तो वावेलला. काकानं राज्य घालवलं, पुतण्यानं जीव दिला, आणि लोकांनी निवाडा केला. कठोर आहे, पण मला तो निवाडा समजतो.

---

निशिगंध

काका-पुतण्याचं हे भारी आहे. मला मात्र त्या राजाची कीव आली, शिकलेला, कलाप्रेमी माणूस, १७९१ ची राज्यघटना त्याच्याच वेळची ना?

---

बखरवाचक

हो, ३ मे १७९१. युरोपातली पहिली लिखित आधुनिक राज्यघटना म्हणतात तिला. म्हणूनच त्याच्याबद्दल पोलंडमध्ये अजून दोन तट आहेत.

---

मृण्मयी_९

आम्ही यंदा ऑक्टोबरअखेरीला जातोय, सासूबाई बरोबर आहेत, गुडघ्याचा त्रास आहे त्यांना. काय कसं करावं? फोटो काढू देतात का?

---

सांजवारा

ताई, कॅथेड्रलमध्ये आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे मोबाइल पिशवीत ठेवून डोळ्यांनीच बघा. आधी वरचं सगळं बघून घ्या: मधोमध संत स्तानिस्लावची चांदीची पेटी, यागिएलो, याडविगा, झिगमुंट चॅपेल. कवींच्या तळघराचा जिना डावीकडे आहे. राजांच्या तळघरात सगळ्यात शेवटी उतरा, कारण बाहेर पडायची वाट पिल्सुडस्कीच्या मनोऱ्याखालून थेट अंगणात निघते, परत आत जाता येत नाही, आणि काचिन्स्की दांपत्याची पेटीही त्याच वाटेवर आहे. तळघरात पायऱ्या आहेत, जागा अरुंद आहे, पण सावकाश गेलं तर जमतं. झिगमुंट घंटेचा लाकडी जिना मात्र सासूबाईंना नकोच, फार अवघड आहे. घंटा १५२० ची, साडेबारा टनांच्या आसपास, वाजवायला बारा माणसं लागतात.

आणि १ नोव्हेंबरला तिथे असाल तर संध्याकाळी राकोवित्स्की दफनभूमीत जा, तो सर्वसंतांचा दिवस, सगळं शहर आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावायला येतं. जाडे कोट न्या, सासूबाईंना थर्मल घ्या, आणि क्राकूवला आलात की मेसेज करा, मी येतो बरोबर.

---

कोल्हापूरकर_मी

मृण्मयीताई, सिकोर्स्कीचं तेवढं लक्षात ठेवा.

---

मृण्मयी_९

ठेवलंय दादा. फूल वाहू देतात का तिथे, सांजवारा?

---

सांजवारा

देतात. पेट्यांपाशी लोकांनी ठेवलेली फुलं नेहमी दिसतात, बरेचदा पांढऱ्या-लाल फितीत बांधलेली. बाजारचौकात फुलवाल्या बायका बसतात त्यांच्याकडून घ्या, वर टेकडीवर मिळणार नाहीत.